तिसऱ्याचं काय झालं

१

रविवारी दुपारी मटण आणि मटणावर सूडाचा पिक्चर. सर्जेरावचा हा नेम चतुर्थीच्या उपासापेक्षा कडक होता. चितेगावच्या एका कंपनीत तीस वर्षं सुपरवायझरकी करून माणूस घरी बसला, लासूर स्टेशनकडची आठ एकर पुंजारामला बटाईनं लावून दिली, आणि गारखेड्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये लोडाला टेकून टीव्हीचा मालक झाला. प्रेमाबिमाचे पिक्चर त्याला चालत नसत. गाणं लागलं की पुढं ढकलायचा. पण कुणाचं घर जळालं, कुणाची बहीण गेली आणि हिरो राखेतून उठला, की सर्जेराव मांडीवर थाप मारून म्हणायचा, "हां. आता एकेकाला धर."

सूड घेणाऱ्याच्या शेजारी अडीच तास बसलं की माणसाला वाटायला लागतं, आपणही लई सोसलंय. सर्जेरावलाही तसंच वाटायचं. त्यानं नेमकं काय सोसलं होतं ते मात्र विचारू नका. विचारलं असतं तर त्यालाही सांगता आलं नसतं.

त्या रविवारी सोबतीला तनुजा होती, त्याची एकुलती एक लेक. लग्नाला सहा वर्षं झालेली, दोनदा दिवस राहून गेलेले, आणि आता सातवा महिना. बाळंतपणाला माहेरी आली होती. सर्जेराव तिला तळहातावरच्या फोडासारखा जपायचा. दवाखान्याची फाईल स्वतःच्या काखेत, गोळ्यांच्या वेळा मोबाईलमध्ये, आणि देवापुढं रोज एकच मागणं, की बाबा, एवढं एक पोर धडपणी हातात येऊ दे. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पाचला तपासणीला बोलावलं होतं. रविवारी गर्दी नसते म्हणून. तोवर पिक्चर आरामात संपणार होता.

सुरेखा, त्याची बायको, खाली सतरंजीवर मेथी निवडत बसली. एप्रिलचं ऊन पडद्यातून आत येत होतं. पंखा गरगरत होता. सर्जेरावनं रिमोट दाबला.

२

दक्षिणेकडचा कुठलासा पिक्चर होता, हिंदीत डब केलेला. पहिल्या वीस मिनिटांत तिघा जणांनी मिळून एका बाईचं घर बुडवलं. मग ती बाई सूड घ्यायला निघाली. सर्जेरावनं मांडी सावरली.

पण या बाईच्या हातात ना कोयता ना बंदूक. अंगावर काळी घोंगडी, तीही डोक्यावरून खोळ करून घेतलेली, आपल्याकडची मेंढरंवाली माणसं थंडीवाऱ्यात घेतात तशी. तोंड दिसतच नव्हतं. कॅमेरा सारखा तिच्या पाठीमागं. ती पहिल्या माणसाकडं गेली आणि एवढंच म्हणाली, पुलावरून जाऊ नको, पाण्यातून जा. तो हसला, पुलावरून गेला आणि पूल त्याच्यासकट खाली गेला.

"आयला," सर्जेराव म्हणाला. "खरं सांगत होती की बाई."

दुसऱ्याला ती म्हणाली, आज घरात निजू नको, अंगणात नीज. दुसरा हुशार. त्यानं अंगणात आपल्या नोकराला निजवलं, स्वतः कड्या लावून घरात निजला. पहाटे माळवद खाली आलं. नोकर अंगणात उठून बसला आणि बघत राहिला.

"भारीय ना पप्पा?" तनुजा म्हणाली. "ती खोटं बोलतच नाही. खरं सांगते आणि हेच लोक ऐकत नाहीत."

"येडे आहेत लेकाचे," सर्जेराव पोट हलवत हसला. "सरळ सांगतीय तर ऐकायला काय झालं?"

"चोराच्या मनात चांदणं," सुरेखा मेथीची काडी मोडत म्हणाली. टीव्हीकडं तिचं लक्षही नव्हतं.

सर्जेरावला एक गोष्ट खटकली होती ती त्यानं बोलून दाखवली नाही. दुसऱ्याच्या दारातून निघताना त्या बाईनं उंबऱ्यावर एक डबा ठेवला होता. स्टीलचा, कडीचा, घासूनपुसून लख्ख. कॅमेरा त्याच्यावर क्षणभर थांबला, आणि झाकणाच्या कडेला ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं दिसलं. अक्षरं देवनागरी होती. सुरुवातीचा 'सौ.' त्याला लख्ख वाचता आला.

आता दक्षिणेतल्या पिक्चरात 'सौ.' कुठून येणार? पण शूटिंग कुठंही करतात हल्ली, त्यानं मनाशी म्हटलं. आणि भांड्यावर नाव कुणाच्या घरी नसतं?

मग तो आवाज यायला लागला. संगीताच्या खालून. घसा बसलेल्या माणसानं तोंड उघडं टाकून श्वास घ्यावा तसा. एकाचा नव्हे, पुष्कळांचा. सर्जेरावनं रिमोटवरचं बटण दाबून टीव्ही मुका केला. आवाज चालूच राहिला.

"मुका का केला?" सुरेखानं विचारलं.

"कसला आवाज येतोय?"

"पंख्याचा. सांगून दमले, तेल घाला म्हणून."

तो उठून गॅलरीत गेला. बिल्डिंगच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर आठवडाभर मेंढरांचा एक कळप उतरला होता. कळपवाल्यांच्या बाया सकाळ-संध्याकाळ पार्किंगमधल्या नळावर पाण्याला यायच्या. म्हणजे मेंढरांचाच आवाज, दुसरं काय. त्यानं खाली पाहिलंसुद्धा नाही. कारण सापडलं होतं, आणि सापडलेलं कारण तपासून बघायची त्याला हौस नव्हती.

पाणी प्यायच्या निमित्तानं तो स्वयंपाकघरात मात्र गेला. मांडणीच्या वरच्या फळीवर कडीचा डबा होता. उघडून पाहिला, आत मटकी. झाकणावर 'सौ. सुरेखा सर्जेराव'. जागच्या जागी होता.

३

तेवढ्यात पुंजारामचा फोन आला. दर रविवारी यायचा. विहिरीला पाणी किती, मोटर चालती का बंद, हेच बोलणं.

"आण्णा, समदं बरंय. पानी हाय अजून दोन परसाचं. दुसरं एक सांगायचं व्हतं. ती बानाबाई गेली बघा."

"कोण बानाबाई?" सर्जेराव म्हणाला. त्याला पहिल्याच अक्षराला कळलं होतं.

"आसं काय करता आण्णा? मल्हाररावाची. मेंढरंवाल्या मल्हाररावाची. त्यो तर मागंच गेला. ही परवाच्याला गेली, पोरीकडं व्हती. शेवटाला लई बडबडली म्हनं. डबा दिला का परत, डबा दिला का, आसंच रातंदिस. कुनाला काय उमगंना. कसला डबा अन् काय."

"म्हातारपणी होतं तसं."

"व्हय, व्हतं," पुंजाराम म्हणाला. "ठिवू का मंग?"

"ठेव."

सर्जेराव मोबाईल हातात धरून ओट्याशी उभा राहिला. बाहेरून तनुजानं हाक मारली, "पप्पा, या ना. थांबवून ठेवलंय."

४

चौदा वर्षं झाली त्याला. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो बायको-पोरीला घेऊन गावाकडं राहायचा. मल्हारराव दरसाल कळप घेऊन यायचा, आणि शेतमालक खतासाठी त्याची मेंढरं रानात बसवायचे. ज्याच्या रानात मेंढरं, त्याच्या घरचं जेवण. आणि ज्याच्या घरचं जेवण खाल्लं त्याच्याशी वाकडं वागायचं नाही, ही त्या माणसांची रीत. मालकाचीही तीच रीत असते असं ते धरून चालायचे. बिचाऱ्यांची चूक एवढीच.

आदल्या वर्षी सर्जेरावच्या उन्हाळी भुईमुगात दोन मेंढरं शिरली होती. सर्जेरावनं पारावर दहा माणसांत मल्हाररावला वाटेल ते सुनावलं. मल्हारराव शांतपणानं म्हणाला, "आण्णा, मुकं जनावर दुसऱ्याच्या रानात तोंड घालतं ते भुकंपायी. माणूस बांध कशापायी कोरतो, ते तुम्हालाच ठावं." सर्जेरावनं सख्ख्या भावाचा बांध दोन हात कोरला होता हे पारावर सगळ्यांना माहीत होतं. माणसं हसली. झालं एवढंच. पण ते हसू सर्जेरावनं वर्षभर उशाला घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यानं स्वतः बोलावून मल्हाररावची मेंढरं आपल्या रानात बसवली. सुरेखानं पिठलं-भाकरी, ठेचा, सगळं डब्यात भरून दिलं. सर्जेराव स्वतः डबा घेऊन गेला. मल्हारराव आणि बानाबाई जेवून हात धुवत होते. तेव्हा तो म्हणाला, "वरच्या अंगाला सोडू नका, औषध फवारलंय. खालच्या अंगाला सोडा. कापलेल्या कडवळाचा फुटवा आलाय, हिरवागार. खाऊ द्या."

वरच्या अंगाला काहीही फवारलेलं नव्हतं. आणि खालच्या कडवळाचं, म्हणजे चाऱ्याच्या ज्वारीचं, पाणी त्यानं मुद्दाम तोडलं होतं. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्याला पाणी तुटलं की त्यात विष धरतं. ते खाल्लं की जनावराला किरळ लागते, तडफडून मरतं. हे मल्हाररावलाही ठाऊक होतं. त्यानं विचारलंसुद्धा, "पानी पेलेलं हाय ना, आण्णा?"

"परवाच दिलंय," सर्जेराव म्हणाला.

मल्हाररावनं मान डोलावली. नुकतीच भाकरी खाल्ली होती ना.

बेचाळीस मेंढरं. तोंडं उघडी टाकून, नाकाशी फेस आणून, पाय झाडत. सर्जेराव बांधावर उभा होता. हातभार लावल्यासारखं करून, पाणी आणल्यासारखं करून त्यानं चाळीस मिनिटं सगळं पाहिलं. सात-आठ गाभण होत्या. बानाबाईनं एकीचं डोकं मांडीवर घेतलं होतं, आणि ती मेल्यावरही तिच्या पोटात काहीतरी हलत होतं. बानाबाई पोटावर हात ठेवून बसली. हलायचं थांबेपर्यंत तिनं हात काढला नाही.

संध्याकाळी ती घरी आली. डबा राखेनं घासून, लख्ख करून परत द्यायला. रिकामं भांडं परत करायचं नसतं म्हणून आत काळ्या लोकरीचा झुबका ठेवला होता. दुसरं तिच्याजवळ काहीच उरलं नव्हतं. सुरेखा दारात रडली. बानाबाई सर्जेरावकडं बघत होती. ती रडली नाही, शिवी दिली नाही. "येते आण्णा," म्हणाली.

फुटव्याला पाणी कोण कधी देतं याचा काय हिशेब, असं सर्जेरावनं लोकांना सांगितलं. बायकोलाही तेच. माणसं म्हणाली, नशीब एकेकाचं. खरं एवढं एकच, की त्या रात्री त्याला फार गाढ झोप लागली होती.

५

पिक्चर पुन्हा सुरू झाला. आता तिसरा राहिला होता.

तिसरा सगळ्यांत चलाख. पहिल्या दोघांचं काय झालं ते त्याला ठाऊक होतं. तो आपल्या मोठ्या घरात लेकीला जवळ घेऊन बसला होता, आणि दारावर माणसं होती. तरी ती आलीच. जिन्याच्या तोंडाशी पाठमोरी उभी राहिली. तिसरा लेकीचा हात धरून वर उभा.

"आता बघा पप्पा," तनुजा पुढं सरकली. तिला या पिक्चरांच्या खोडी पाठ होत्या. "याला माहितीय ती खरं सांगते. म्हणून हा ऐकणार. आणि याला ती खोटं सांगणार. हाच तर ट्विस्ट आहे. ऐकला की मेला."

"असंच असणार," सर्जेराव म्हणाला.

पडद्यावरच्या बाईनं तोंड उघडलं असावं. खोळ थोडी हलली. इतका वेळ ती हिंदी बोलत होती, त्या डबिंगवाल्या जाड आवाजात. आता आवाज पातळ झाला, थकलेला झाला.

"न्हेऊ नका, आण्णा," ती म्हणाली.

आणि लाईट गेली.

पंखा हळूहळू थांबला. मागचा तो श्वासांचा आवाज मात्र सुरूच होता, आणि आता पंख्याचं निमित्तही राहिलं नव्हतं.

"शी बाई. ऐन टायमाला," तनुजा म्हणाली.

"ती शेवटी काय म्हणाली?"

"मत ले जाओ म्हणाली."

"हिंदीत?"

"मग कशात पप्पा? डब केलेला पिक्चर आहे."

आत्ताच मेल्याची बातमी ऐकली, डोक्यात तेच बसलंय, दुसरं काय. माणसाचं डोकं म्हणजे काय, भरलं तसं वाजतं. तो स्वतःला समजावत राहिला, आणि घामानं बनियन अंगाला चिकटत गेलं.

६

पावणेपाचला लाईट आली. तनुजा तयार होऊन बसलीच होती. टीव्हीवर चक्री फिरायला लागली, तिकडं कुणी बघितलं नाही. सुरेखा आत फाईल शोधत होती. दुपारी मधेच उठताना सर्जेरावनं ती कुठं ठेवली होती ते त्यालाच आठवेना. "तुम्ही लिफ्टशी थांबा, मी आलेच," ती आतून म्हणाली.

सर्जेरावनं लिफ्टचं बटण दाबलं. तनुजाचे पाय सुजले होते, ती भिंतीला टेकून उभी राहिली. लिफ्ट वर यायला लागली. त्याच वेळी जिन्यातून कुणीतरी चढत आलं.

बाई होती. डोक्यावरून घोंगडीची खोळ. एप्रिलच्या उन्हात घोंगडी. कमरेवर कळशी, ती हिंदकळत होती, आणि प्रत्येक पायरीवर पाणी सांडलं होतं. बाई वरच्या पायरीपर्यंत आलीच नाही. दोन पायऱ्या खालीच थांबली. तोंड खोळीत. हात तेवढे दिसत होते, ओले, आणि बोटांच्या पेरांत राख.

"लिफ्टनं न्हेऊ नका, आण्णा," ती म्हणाली. "जिन्यानं न्या."

ओल्या लोकरीचा वास आला. सर्जेरावचं डोकं चालायला लागलं. डोकं फार चलाख होतं त्याचं, पारावरसुद्धा लोक म्हणायचे.

पाण्याला आलेली बाई आहे. बरं, तर मग तिसऱ्या मजल्यावर कशाला आली? आणि मला आण्णा म्हणायला ती कोण? जिन्यात पाणी कुणी सांडलं? हिनंच. ओल्या फरशीवरून सात महिन्यांची बाई बावन्न पायऱ्या उतरणार. एक पाय सटकला की संपलं. किती साधं. किती गोड सांगतीय. असंच सांगतात, त्याला माहीत होतं ना. पोटभर जेवू घालून, काळजीनं, खालच्या अंगाला सोडा म्हणून.

आणि तो तिसरा होता. ऐकला की मेला.

लिफ्ट आली. दार उघडलं. आत दिवा छान लागला होता.

"पप्पा, त्या म्हणतायत तर जिन्यानं जाऊ या की," तनुजा म्हणाली. "हळूहळू उतरते मी."

"गप. चल आत."

"अहो पण..."

त्यानं तिचा दंड धरला आणि तिला आत घेतलं. जपून, पण घट्ट धरला होता. दार मिटताना त्यानं एकदा बाहेर पाहिलं. बाई पुढं आली नाही, तिनं अडवलंही नाही. तिनं फक्त कळशी खाली ठेवली, आणि जणू आता घाई कसलीच नाही अशी पायरीवर बसली.

७

दुसरा मजला गेला, आणि लिफ्टनं गचका खाल्ला. नुसता थांबल्याचा नव्हता तो. दीड पुरुष खाली सुटून मग अडकल्याचा. तनुजा पोटावर पडली.

दिवा गेला. सर्जेराव दारावर मुठी आपटत राहिला. वरून सुरेखा ओरडत होती, खालून वॉचमन धम्मपाल ओरडत होता, कुणी किल्ली शोधत होतं, कुणी लिफ्टवाल्याला फोन लावत होतं. रविवार होता. लिफ्टवाला उचलत नव्हता.

अंधारात तनुजा त्याच्या मांडीवर डोकं ठेवून होती. तिचा श्वास तोंडानं चालला होता, उघड्या, कोरड्या तोंडानं. सर्जेरावनं तो दुपारभर ऐकला होता. त्याच्या विजारीला काहीतरी ऊन ऊन लागलं. "पप्पा, हलतंय ना हो? बघा ना, हलतंय ना?" ती म्हणत होती. त्यानं तिच्या पोटावर हात ठेवला. हलत होतं. "हलतंय बाळा," तो म्हणाला.

चाळीस मिनिटांनी दार उचकटलं. हात त्यानं काढला नव्हता. त्यामुळं हलायचं केव्हा थांबलं ते त्याला नेमकं माहीत होतं.

दवाखान्यात तनुजा वाचली. डॉक्टरीणबाई मुलाचं काही बोलल्या नाहीत, नुसती मान हलवली, आणि थोडं आधी आणायला हवं होतं एवढं म्हणून आत गेल्या. सर्जेराव लेकीच्या खाटेशी गेला तेव्हा तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

सुरेखा बाहेर बाकावर बसली होती. तिच्या मांडीवर फाईल तशीच होती.

"त्या बाई तुम्हाला सांगत होत्या," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी आतून ऐकलं. जिन्यानं न्या म्हणाल्या. तनूसुद्धा म्हणाली. तुम्ही का ऐकलं नाही?"

सर्जेरावनं तोंड उघडलं. खरं सांगायचं तर एका वाक्याचं काम होतं. पण त्या वाक्याला चौदा वर्षांमागचं दुसरं वाक्य जोडलेलं होतं. ते सांगितल्याशिवाय हे सांगता येत नव्हतं. समोर बाई बसली होती ती त्या दिवशी डबा भरून देणारी.

"जिना ओला होता," तो म्हणाला.

सुरेखानं त्याच्याकडं पाहिलं. "मी त्याच जिन्यानं धावत खाली आले," ती म्हणाली. "कोरडा ठणठणीत होता."

मग ती म्हणाली, तनूचे कपडे घेऊन या.

८

सात वाजले होते. दिवस मावळला होता, पण उजेड होता अजून. धम्मपाल गेटाशी उभा होता.

"ती बाई," सर्जेराव म्हणाला. "पाण्याला आलेली. घोंगडीवाली. कुठं गेली?"

"मेंढरंवाल्या बाया? त्या कुठं हायेत आता, साहेब? कळप तर परवाच हालला. मागचा प्लॉट मोकळाच हाय."

सर्जेराव जिन्यानं चढला. बावन्न पायऱ्या. कुठं थेंब नाही, कुठं फरशी निसटलेली नाही, कठडा मजबूत. लहान पोर रांगत उतरलं असतं असा जिना. प्रत्येक पायरीवर तो थांबत होता, आणि थांबायला काही कारण नव्हतं.

घरात टीव्ही सुरू होता. लाईट आल्यावर लागलेला, कुणी बंदच केला नव्हता. पिक्चर जिथं तुटला होता तिथूनच चालला होता. वरच्या पायरीवर तिसरा, पाठमोरा, लेकीचा हात धरून. खाली ती.

रिमोट दिवाणावर होता. सर्जेरावला तो उचलता आला नाही. तिसऱ्याचं काय झालं ते त्याला बघायचं नव्हतं, आणि बघितल्याशिवाय तिथून हलताही येत नव्हतं.

"खोटं तर बोलत नाहीस ना?" तिसऱ्यानं विचारलं. मराठीत विचारलं. आवाज ओळखीचा होता. माणूस आपला आवाज रेकॉर्ड करून ऐकतो तेव्हा जसा परका वाटतो, तसा.

बाईनं मान वर केली. खोळ जरा मागं सरकली, आणि आत चेहरा दिसायच्या आधी सर्जेरावनं डोळे मिटले. पण कान मिटता येत नाहीत.

"आमच्यात खोटं बोलत नाय, आण्णा," ती म्हणाली. "तुमच्या घरचं खाल्लेलं हाय."

मग टीव्हीत पावलं वाजली. जिना चढल्याची. तिसऱ्या मजल्यापर्यंत मोजून बावन्न. शेवटचं पाऊल टीव्हीत वाजलं का बाहेर, ते त्याला सांगता आलं नसतं. पण त्यानंतर फरशीवर स्टील टेकल्याचा आवाज झाला, तो दाराबाहेरच झाला.

बराच वेळ गेला. दवाखान्यात कपडे न्यायचे होते. सुरेखाचा फोन दोनदा वाजून थांबला. शेवटी सर्जेरावनं स्वयंपाकघरात डोकावलं. वरच्या फळीवर मटकीचा ढीग होता, नुसती मटकी, डबा नव्हता. तो मागं फिरला आणि त्यानं दार उघडलं.

बाहेर कुणी नव्हतं. उंबऱ्यावर कडीचा डबा होता, राखेनं घासून लख्ख केलेला. झाकणावर त्याच्या बायकोचं नाव होतं, आणि त्याखाली त्याचं.

रिकामं भांडं परत करायचं नसतं. सर्जेरावनं वाकून तो उचलला. जड होता, आणि अजून कोमट होता.